भूशास्त्र आणि परिसंस्थेचा प्रयोगसंच : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या जूनमध्ये मुलगी सातवीत गेली, तेव्हा मी शाळकरी मुलांसाठीचा हा प्रयोगसंच मागवला. त्यात खडकांचे बारा नमुने, भिंग, दोन काचेच्या बरण्या, पर्जन्यमापक आणि मराठी पुस्तिका आहे. मुलगी आणि सोसायटीतली आणखी तीन मुले दर रविवारी सकाळी तो घेऊन बसतात. संच घेण्याजोगा आहे, पण त्यातला धडा नाशिकच्या जमिनीशी जोडून देण्याचे काम घरातल्या मोठ्यांनाच करावे लागते.

सर्वांत उपयोगी वस्तू ठरली ती पर्जन्यमापक. जुलैमध्ये त्याची मोजनळी गच्चीवर पडून तडकली, म्हणून मुलांनी त्याचे नसराळे एका सरळ बाटलीवर बसवले. सकाळी पट्टीने मोजले, तर चाळीस मिलिमीटर पाऊस निघाला; शेजारी ठेवलेल्या सरळ डब्यात मात्र दहाच मिलिमीटर पाणी होते. बराच वाद झाल्यावर मुलीने वहीत दोन वर्तुळे काढली. नसराळ्याचे तोंड दहा सेंटिमीटरचे आणि बाटली पाच सेंटिमीटरची, म्हणजे व्यास दुप्पट असला तरी क्षेत्रफळ चौपट. म्हणून बाटलीतली उंचीही चौपट. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी, हे त्यानंतर तिला पाठ करावे लागले नाही.

पुढे आम्ही रोज सकाळी साडेआठला नोंद ठेवली आणि इगतपुरीच्या मामाला व सिन्नरच्या आत्याला तसेच सरळ डबे ठेवायला सांगितले. एकाच जिल्ह्यात एकाच दिवशी इगतपुरीचा डबा भरत आला आणि सिन्नरचा कोरडा राहिला, असे अनेकदा घडले. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्री चढताना थंड होऊन घाटमाथ्यावर पाऊस पाडतात आणि पूर्वेकडे उतरताना उबदार व कोरडे होतात, हे पुस्तिकेतल्या आकृतीपेक्षा त्या तीन आकड्यांतून मुलांना जास्त नीट कळले.

खडकांच्या नमुन्यांबद्दल माझी तक्रार आहे. आमच्या संचात चुनखडक आणि वालुकाश्म यांच्या चिठ्ठ्या अदलाबदल झालेल्या होत्या. व्हिनेगरचे थेंब टाकल्यावर चुनखडकावर बुडबुडे यायला हवेत; ते ‘वालुकाश्मा’वर आले, तेव्हा ते लक्षात आले. विक्रेत्याला दोनदा कळवले, उत्तर आले नाही. बेसॉल्टचा, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकाचा, तुकडा इतका लहान आणि गुळगुळीत आहे की त्यावरून काहीच समजत नाही. त्यासाठी मुलांना पांडवलेण्यांवर नेले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांत ती लेणी कोरलेली आहेत, हे भिंतीला हात लावून ऐकताना मुले अगदी गप्प झाली होती. विहिरीच्या खोदकामातून निघालेला सच्छिद्र दगड आम्ही घरी आणला. लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांनी राहिलेल्या पोकळ्यांत पुढे खनिजे साठली, त्यातले झिओलाइट नाशिक परिसरात भरपूर सापडतात. संचात मात्र त्यांचा एकही नमुना नाही.

मातीचा प्रयोग साधा आणि उत्तम आहे. निफाडच्या शेतातली काळी माती बरणीत पाण्यासह हलवून ठेवली, तर रेती मिनिटाभरात तळाशी बसली आणि वरचे पाणी दोन दिवसांनीही गढूळच होते. तीच माती ताटलीत वाळवल्यावर तिला भेगा पडल्या. ओली झाली की फुगणारी आणि वाळली की आक्रसणारी बारीक चिकणमाती तिच्यात किती आहे, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिले.

अन्नसाखळीचे प्रकरण सर्वांत कमकुवत आहे. बर्फ, सील आणि ध्रुवीय अस्वल यांच्या चित्रांवर ते संपते आणि विघटकांना दोनच ओळी मिळतात. डिसेंबरमध्ये आम्ही नांदूर मधमेश्वरला गेलो. २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलेली ही महाराष्ट्रातली पहिली पाणथळ जागा आहे. पाणवनस्पती खाणारे वारकरी पक्षी आणि त्यांच्यावरून घिरट्या घालणारा दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी दुर्बिणीतून दिसला, तेव्हा मुलांनी तिथेच बसून साखळी लिहिली आणि कुजलेल्या पाल्यातले जीव तिच्यात कुठे बसवायचे यावर परतीच्या वाटेवर बोलत राहिली.

घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे, मोजनळी वेगळी विकत मिळत नाही. आमच्या बाटलीवर सध्या दर चार मिलिमीटरला एक खूण असलेली कागदी पट्टी चिकटवलेली आहे, आणि पुढच्या जूनपासून तीच वापरायची असे मुलांनी ठरवले आहे.