जुन्या गाडीचा बेल्ट किंचाळतोय: ताणून घ्यावा, बदलावा की अल्टरनेटर उतरवावा?

कुईंऽऽ करणारी पंधरा वर्षांची मारुती किंवा सँट्रो घेऊन चार गॅरेजांत जा, चार इलाज ऐकायला मिळतील. एक जण स्प्रे मारून देईल. दुसरा पाना काढून बेल्ट ताणेल आणि चहापाण्यावर भागवेल. तिसरा बेल्टच बदला म्हणेल. चौथा बोनेटखाली कान लावून सांगेल, "बेअरिंग गेलंय, अल्टरनेटर उतरवावा लागेल." (बेल्ट म्हणजे इंजिनाच्या जोरावर पुल्या, म्हणजे खाचांची चाकं, फिरवणारा रबरी पट्टा; अल्टरनेटर म्हणजे त्यावर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र; बेअरिंग म्हणजे फिरणाऱ्या भागाला आधार देणारं कडं.) यातला कुणी खोटंच बोलतोय असं नाही. आवाज सारखा वाटला तरी त्यामागची कारणं खरोखर वेगवेगळी असतात. तुमच्या गाडीचं कारण कोणतं, हे बोनेट उघडून दहा मिनिटांत आणि फुकटात बऱ्यापैकी कळतं. ते न बघता इलाज निवडणं म्हणजे पैशांचा जुगार.

आधी कान, मग पाणी

लांबलचक किंचाळी, इंजिन थंड असताना जोरात येणारी आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की चढणारी, ही घसरणाऱ्या बेल्टची खूण. सकाळी पहिल्या स्टार्टला ती हमखास येते, कारण स्टार्टरने बॅटरीतून ओढलेला करंट अल्टरनेटर लगेच भरून काढायला लागतो. त्याची पुली जड होते आणि ढिला बेल्ट तिच्यावरून सरकतो. खात्री करायची तर हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेवरची वाफ घालवणारा डिफॉगर एकदम लावा. किंचाळी वाढली तर अल्टरनेटरचा बेल्ट. एसीचं बटण दाबल्यावरच आवाज येत असेल तर एसीचा बेल्ट बघा. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग असेल आणि चाक शेवटपर्यंत वळवल्यावरच गाडी ओरडत असेल तर त्याचा. जुन्या गाड्यांत हे बेल्ट बऱ्याचदा वेगवेगळे असतात, त्यामुळे गुन्हेगार पटकन सापडतो.

आवाज चिमणीसारखा तालात चिव-चिव असेल, तर पुल्या एका रेषेत नसल्याचा संशय घ्या. आणि सतत गुरगुर किंवा घरघर असेल, तर ती बहुधा बेअरिंगची.

आता पाणी. इंजिन आयडलिंगवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता नुसतं चालू) ठेवून स्प्रेच्या बाटलीने बेल्टच्या पुलीला टेकणाऱ्या बाजूवर थोडंसं पाणी मारा. अल्टरनेटरवर मारू नका. आवाज लगेच वाढला तर बेल्ट घसरतोय, म्हणजे ताण कमी आहे किंवा बेल्ट झिजलाय. आवाज क्षणभर गेला आणि पाणी सुकताच परत आला तर पुल्यांची रेषा चुकली आहे. काहीच फरक पडला नाही तर बेल्ट निर्दोष, पुढे बेअरिंगकडे वळा. हे करताना ओढणी, सैल बाह्या, गळ्यातली साखळी दूर ठेवा. रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा तापलेल्या इंजिनावर आपोआप सुरू होतो, तेव्हा बोटं तिकडेही नेऊ नका.

स्प्रे आणि साबण

यावर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. बेल्टचा स्प्रे चिकट असतो. आवाज दबतो, पण त्या थरावर धूळ बसते, आणि आपल्याकडच्या रस्त्यांवर धुळीला काय तोटा? अंघोळीचा साबण घासण्याची युक्तीही तशीच. कोरड्या दिवसात चालून जाते, पण पहिल्या पावसात तोच साबण बेल्ट आणखी घसरवतो. रॉकेल किंवा पेट्रोलने बेल्ट पुसणं तर रबराच्या मुळावरच येतं. गाडी उद्या विकायची असेल तर विकणाऱ्याला स्प्रे सोयीचा. घेणाऱ्याने मात्र चिकट, चकचकीत बेल्ट दिसला की दर पाडून मागावा.

ताणणं की बदलणं

खरी निवड इथे आहे, आणि ती बेल्टच्या जातीवर ठरते. मारुती 800, ओम्नी यांसारख्या जुन्या गाड्यांत व्ही-बेल्ट असतो. तो पुलीच्या खाचेत तळाला टेकत नाही; त्याच्या दोन तिरप्या बाजू खाचेच्या भिंतींत पाचर होऊन रुततात आणि पकड तिथूनच येते. बेल्ट झिजून अरुंद झाला की खाली बसतो आणि तळावर घासायला लागतो. मग कितीही ताणा, किंचाळी जात नाही. त्यामुळे पाना हातात घेण्याआधी टॉर्च मारून बघा. बेल्टची पाठ पुलीच्या काठाच्या आसपास असेल तर ठीक. खोल गेली असेल आणि खाचेचा तळ घासून चमकत असेल, तर ताणण्यात वेळ घालवू नका, बेल्ट बदला. खाचेच्या भिंतींनाच खड्डा पडला असेल तर पुलीही.

बेल्ट जागेवर बसलाय, बाजू काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या नाहीत, चिरा नाहीत, फक्त ढिला आहे, अशा वेळी ताणणं हाच योग्य आणि स्वस्त इलाज. दोन पुल्यांमधल्या सगळ्यात लांब भागावर अंगठ्याने साधारण 10 किलोचा जोर दिला तर बेल्ट 8 ते 10 मिमी दबावा; नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो आणि तोच धरावा. काम अवघड नाही. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, कारण अल्टरनेटरच्या जाड तारेत इंजिन बंद असतानाही करंट असतो आणि पाना टेकला तर ठिणगी उडते. मग खालचा आणि सरकत्या पट्टीवरचा बोल्ट ढिला करून अल्टरनेटर बाहेर ओढायचा आणि बोल्ट आवळायचे.

पण "आवाज जाईपर्यंत ताणा" हे धोरण धरू नका. जास्त ताणलेला बेल्ट गप्प राहतो आणि गुपचूप अल्टरनेटर व वॉटर पंपाची (इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरवणाऱ्या पंपाची) बेअरिंगं खातो. मारुती 800 मध्ये वॉटर पंपही याच बेल्टवर फिरतो, म्हणजे काही शे रुपयांचा बेल्ट वाचवताना पंप गमावण्याची सोय. वर्षभरात दुसऱ्यांदा ताणायची वेळ आली, तर माझं मत सरळ बदला असंच आहे. बेल्ट तुटला तर चार्जिंगचा दिवा लागेल आणि थोड्याच वेळात तापमानाचा काटा चढेल. कसारा किंवा वरंधा घाटात हे घडावं असं कुणालाच वाटणार नाही.

ज्या गाड्यांत चपटा, उभ्या रिबांचा (लांबीभर जाणाऱ्या बारीक कंगोऱ्यांचा) बेल्ट आहे तिथे गणित थोडं वेगळं. काहींत आपोआप ताण धरणारा स्प्रिंगचा टेन्शनर असतो, तिथे ताणायला काही उरतच नाही. टेन्शनर थकला असेल तर आयडलिंगला त्याचा हात थरथरताना दिसतो, आणि मग नुसता बेल्ट बदलून उपयोग नसतो. चिरा मोजून बेल्टचा निकाल लावण्याची जुनी पद्धतही इथे फसवी आहे. पूर्वीचे निओप्रीन रबराचे बेल्ट म्हातारपणी तडकायचे. आता मिळणारे ईपीडीएम रबराचे बेल्ट तडकण्याऐवजी टायरसारखे झिजतात. वरून नवे दिसतात, पण रिबांमधल्या खाचा रुंद झालेल्या असतात. दुकानात जाताना जुना बेल्ट सोबत न्या आणि पाठीवरचा आकडा वाचा: 6पीके1200 म्हणजे 6 रिबा आणि 1200 मिमी लांबी.

बेल्टवर तेल किंवा कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) दिसलं, तर आधी गळती बंद करा. नाहीतर नवा बेल्टही त्याच वाटेने जाणार.

बेल्ट की बेअरिंग

अल्टरनेटर उतरवणं हा यातला मोठा खर्च, मुख्यतः मजुरीचा, म्हणून तो पुराव्याशिवाय मान्य करू नका. पुरावा सोपा आहे: बेल्ट काढा आणि प्रत्येक पुली हाताने फिरवा. चांगली पुली गुळगुळीत फिरते. बेअरिंग गेलेली खरखरते किंवा वर-खाली हलते. बेल्ट काढलेलाच असताना इंजिन अर्धा मिनिट चालवा. आवाज पूर्ण गेला तर तो बेल्टचा किंवा बेल्टने फिरणाऱ्या कशाचा तरी होता. राहिला तर इंजिनाच्या आत शोधा. वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त नको. एसी बंद असताना घरघर आणि चालू करताच शांतता, असं असेल तर कॉम्प्रेसरच्या (एसीचा गॅस दाबणाऱ्या पंपाच्या) पुलीचं बेअरिंग संशयित. कॉम्प्रेसर बदलायला सांगितलं तर आधी हे विचारा.

नवा बेल्ट घालूनही आठवड्यात चिव-चिव परत आली, तर बेल्टवाल्याशी भांडण्याआधी पुल्यांवर सरळ पट्टी धरून बघा. मागच्या दुरुस्तीत एखादा वॉशर राहून गेला किंवा पुली थोडी आत-बाहेर बसली, तरी रेषा चुकते. आणि नवा व्ही-बेल्ट पहिल्या काही किलोमीटरांत थोडा सैलावतो. बसवल्यावर दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालवून, बंद करून पुन्हा ताण तपासायचा असतो. बरीच गॅरेजं ही पायरी गाळतात, तेव्हा गाडी ताब्यात घेण्याआधी तेवढं करून मागा.