महिन्याला दोन हजार: भिशी, पिग्मी, पोस्टाची आरडी, पीपीएफ की एसआयपी?

हा आढावा अशांसाठी आहे, ज्यांच्याकडे महिन्याला दोन हजार रुपये बाजूला पडू शकतात, पण पडत नाहीत. पगार असेल, दुकानाचा गल्ला असेल, शिवणकाम किंवा डबे असतील. वीस तारखेनंतर पाकिटात काय राहतं ते ज्याचं त्याला माहीत.

अशी तुलना बहुतेक जण व्याजदरापासून सुरू करतात. आधी एक हिशेब बघा. दरमहा २००० रुपये वर्षभर टाकले, तर ३ टक्के आणि ६.७ टक्के यांतला फरक वर्षाअखेर साधारण ४८० रुपयांचा पडतो. एक हप्ता चुकला तर २००० रुपये कमी. म्हणजे पहिल्या वर्षी व्याजापेक्षा हप्ता चौपट महत्त्वाचा. हेच गणित १५ वर्षांवर न्या. दरवर्षी २४,००० टाकून ३ टक्क्यांनी सुमारे ४ लाख ६० हजार होतात आणि ७.१ टक्क्यांनी सुमारे साडेसहा लाख. तिथे दर बोलतो. म्हणून सुरुवातीची एक-दोन वर्षं 'माझा हप्ता कुठे चुकणार नाही' हे बघून जागा निवडावी आणि व्याजाचा विचार सवय अंगवळणी पडल्यावर करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा प्रश्न पैसा कशासाठी, हा. आर्थिक स्वातंत्र्य म्हटलं की लोकांना चाळिशीत नोकरी सोडणं आठवतं. दोन हजारवाल्याचं स्वातंत्र्य आधी लहान असतं: दवाखान्याच्या दहा हजारांसाठी मेव्हण्याकडे शब्द टाकावा न लागणं, शाळेची फी भरायला पाटल्या गहाण न ठेवणं. कुणाला स्वतःच्या नावावर, नवऱ्याला न विचारता काढता येईल असा पैसा हवा असतो. कुणाला व्याज घेणंच धर्माला धरून वाटत नाही. यातलं तुमचं काय, त्यावर खालची निवड ठरते.

भिशी

बारा जणी, महिन्याला २०००, म्हणजे दर महिन्याला २४,००० ची भिशी. चिठ्ठी निघेल तिला रक्कम. व्याज शून्य, आणि व्याजाचा व्यवहार नको असणाऱ्या अनेक घरांत ती याच कारणाने टिकून आहे. जिला पहिल्या महिन्यात लागली तिला बिनव्याजी कर्ज मिळालं, जिला शेवटी लागली तिने ते दिलं. शेवटचीचा तोटा आरडीशी (दरमहा ठरावीक रक्कम भरायची ठेव) तुलना केली तर सात-आठशे रुपये. एवढ्यात हप्त्याची शिस्त मिळत असेल तर महाग नाही. चारचौघींसमोर 'या महिन्यात जमत नाही' म्हणायची लाज कुठल्याही अ‍ॅपपेक्षा जास्त काम करते.

लिलावाची भिशी मात्र वेगळी. २४,००० ची भिशी कुणी २०,००० ला उचलली, की उरलेले ४,००० सगळ्यांत वाटले जातात. हे सरळ कर्ज आहे, आणि उचलणारी सहसा अडलेली असते. त्यात पडायचं तर कर्ज म्हणून पडा, बचत म्हणून नको.

चिट फंडाचा कायदा १९८२ पासून आहे, पण गल्लीतल्या भिशीची नोंद कोण करतं? चालवणारा गायब झाला तर हातात वहीचं पान उरतं. त्यामुळे माणसं ओळखीची, रक्कम बुडाली तरी झोप उडणार नाही इतकी, आणि मुदत बारा महिन्यांच्या आत. व्हॉट्सअ‍ॅपवर जमलेली, दुप्पट देणारी 'भिशी' ही भिशी नव्हेच.

पिग्मी

रोज थोडे पैसे एजंटकडे जमा करण्याची ही कल्पना १९२८ मध्ये उडुपीच्या सिंडिकेट बँकेने आणली. एजंट रोज दारात यायचा आणि दोन आणेसुद्धा घ्यायचा. ती बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली, पण पिग्मी महाराष्ट्रातल्या बाजारपेठांत रुजली ती सहकारी बँका आणि पतसंस्थांमुळे. ज्याची कमाई रोजची आहे, म्हणजे भाजीवाला, रिक्षावाला, पानटपरी, त्याला महिन्याचा हप्ता हा प्रकारच परका असतो. रोज सत्तर रुपये मात्र जातात. महिन्याचे २१०० झालेले त्याला कळतही नाही.

व्याज कमी, कारण एजंटचं कमिशन त्यातून निघतं. मुदतीआधी खातं मोडलं तर बहुतेक ठिकाणी व्याज तर नाहीच, वर काही कापूनही घेतात. याबद्दल कुरकुर करण्यात अर्थ नाही. रोज दारात येण्याची ती किंमत आहे.

खरी काळजी दुसरीच आहे. बँकेतली ठेव, सहकारी बँकेतलीही, ठेव विमा महामंडळाकडून पाच लाखांपर्यंत सुरक्षित असते. फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा एक लाख होती. पतसंस्थेला हा विमा लागूच नाही. पाटीवर 'सहकारी बँक' आहे की 'सहकारी पतसंस्था', हे पुस्तक काढण्याआधी वाचा. आणि विमा आहे म्हणजे पैसे उद्या हातात, असंही नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला फक्त हजार रुपये काढू देत होते. पतसंस्थेतली पिग्मी वर्ष संपताच उचलून बँकेत किंवा पोस्टात नेणं बरं. एजंट मित्र असला तरी.

पोस्टाची आरडी

माझी पसंती इथे आहे, म्हणून जरा जास्त लिहितो.

दरमहा किमान १०० रुपये, मुदत पाच वर्षं. २०२४ आणि २०२५ मध्ये दर ६.७ टक्के राहिला. खातं उघडताना जो दर असतो तोच शेवटपर्यंत. दरमहा २००० टाकले तर पाच वर्षांत १,२०,००० भरून सुमारे १,४२,७०० मिळतात. सरकारची हमी, त्यामुळे पाच लाखांच्या विम्याचा प्रश्नच नाही.

बँकेची आरडी कागदावर अशीच दिसते आणि काही बँका थोडं जास्तही देतात. पण ती मोबाइलवर रात्री अकरा वाजता दोन बटणं दाबून मोडता येते, आणि सेल लागला की मोडली जाते. पोस्टाची आरडी तीन वर्षांआधी बंदच करता येत नाही. नंतर मुदतीआधी बंद केली तर साध्या बचत खात्याचं व्याज मिळतं. ही गैरसोय हाच तिचा गुण. खरोखर अडलं तर बारा हप्ते भरल्यावर शिल्लकीच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, आरडीच्या दरापेक्षा दोन टक्के जास्त व्याजाने. सोनेतारणापेक्षा हे सहसा स्वस्त पडतं आणि घरात कुणाला कळत नाही.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात: पोस्टाच्या महिला एजंट. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेखाली त्या घरी येऊन आरडीचे पैसे नेतात, आणि त्यांचं कमिशन सरकार देतं, तुमच्या व्याजातून जात नाही. म्हणजे पिग्मीची सोय आणि पोस्टाची हमी एकत्र. फक्त पुस्तकावर नोंद झाली की नाही ते दर महिन्याला बघायचं. चार हप्ते चुकवले की खातं खंडित होतं. ते पुन्हा सुरू करायला दोन महिन्यांची मुदत मिळते.

बचत गट

गावात किंवा वस्तीत असाल तर याला तोड नाही, पण तो खऱ्या अर्थाने बचत गट हवा. दहा ते वीस जणी, ठरलेल्या दिवशी बैठक, ठरलेली बचत, त्यातूनच आपसात कर्ज, वेळेवर परतफेड आणि लिहिलेला हिशेब. नाबार्ड या ग्रामीण विकासाच्या बँकेने १९९२ मध्ये गट बँकांना जोडायला सुरुवात केली. महाराष्ट्रात माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) १९७५ पासून आहे, तर उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानामार्फत जिल्ह्याजिल्ह्यांत गट उभे राहिले. शेकडा दोन रुपये महिना व्याज ऐकायला जड वाटतं, म्हणजे वर्षाला २४ टक्के. पण ते व्याज गटातच राहतं आणि तुमच्याच वाट्याला येतं. सावकाराचं शेकडा पाच गावाबाहेर जातं. आपला पैसा आपल्या वाडीतल्या बाईच्या शेळ्यांसाठी, शिलाई मशीनसाठी फिरावा, असं ज्यांना वाटतं त्यांना याहून चांगली जागा नाही.

हल्ली मायक्रोफायनान्स कंपन्यांच्या आठवडी वसुलीलाही सर्रास 'गट' म्हणतात. तिथे बचत नसते, फक्त कर्ज आणि एकमेकींची हमी. 'आमच्यात आधी बचत किती, आणि ती कुणाच्या नावावर?' एवढं विचारलं की फरक उघडा पडतो. गटात दोन हजार मात्र टाकता येत नाहीत, बचत शंभर-दोनशेची असते. उरलेल्यासाठी दुसरी जागा लागतेच.

पीपीएफ

ही सरकारची लांब मुदतीची बचत योजना. १५ वर्षं, वर्षाला किमान ५००, कमाल दीड लाख. दर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के, पण तो सरकार दर तिमाहीला बदलू शकतं. व्याज करमुक्त. पैसे काढायला सातव्या आर्थिक वर्षापासून, तेही मर्यादेत. धंदेवाल्यासाठी याचा एक कमी बोलला जाणारा फायदा आहे: उधारी-थकबाकीच्या दाव्यात न्यायालय ही रक्कम जप्त करू शकत नाही. दुकान बुडालं तरी म्हातारपण बुडत नाही.

पण आरडीचे पाच-सहा हप्ते चुकवणाऱ्याने पीपीएफ उघडू नये. वर्षाला ५०० भरून खातं जिवंत ठेवायचं आणि 'माझी बचत चालू आहे' म्हणायचं, अशी पुष्कळ पुस्तकं कपाटात असतात. मुलगी दहा वर्षांच्या आत असेल तर आधी सुकन्या समृद्धी ही मुलींसाठीची सरकारी योजना बघा. २०२४ पासून तिथे ८.२ टक्के आहेत आणि सुरुवात २५० रुपयांपासून.

एसआयपी

म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक हप्ता टाकणं. पाचशे रुपयांतही सुरू होते, बँकेतून आपोआप जाते, आणि इथे लिहिलेल्या सगळ्यांत जास्त वाढण्याची शक्यता हिचीच. शक्यता. जानेवारी २०२० च्या शिखरापासून २३ मार्चपर्यंत निफ्टी (पन्नास मोठ्या कंपन्यांच्या शेअरचा निर्देशांक) सुमारे ३८ टक्के पडला आणि नोव्हेंबरपर्यंत परत वर आला. ही गोष्ट सगळे सांगतात. जानेवारी २००८ मध्ये ६,३०० च्या आसपास असलेला निफ्टी डिसेंबर २०१३ मध्येही तिथेच होता, हे कमी जण सांगतात. मधल्या पडझडीत ज्यांनी हप्ते चालू ठेवले त्यांचं भलं झालं, पण सहा वर्षं धीर धरायला अंगात आधीची शिस्त लागते. पुढच्या वर्षीच्या फीचे पैसे इथे नकोत.

तत्त्वाचा प्रश्न इथेही येतो. साध्या निफ्टी इंडेक्स फंडात आयटीसी असतेच, म्हणजे सिगारेट आली. तंबाखू, दारू आणि व्याजाचा धंदा टाळायचा असेल तर टाटा एथिकलसारखे शरियतच्या निकषांवर चालणारे फंड आहेत. ते बिगरमुस्लिमांनाही खुले आहेत. आणि कुठलाही घ्या, डायरेक्ट प्लॅन (फंड कंपनीकडून थेट घ्यायचा) बघा, एजंटचं कमिशन वाचतं.

सोन्याबद्दल थोडक्यात: दागिना हौसेसाठी घ्यावा. तीन टक्के जीएसटी, घडणावळ आणि मोडताना घट धरली तर बचत म्हणून तो मागेच पडतो. सराफाच्या अकरा महिन्यांच्या योजनेला ठेवीचा विमाही नाही.

मग कुणी काय करावं

कमाई रोजची असेल तर सहकारी बँकेची पिग्मी किंवा पोस्टाची एजंट, आणि वर्षाने जमलेली रक्कम एकरकमी पुढे. पगारदाराने पहिली दोन वर्षं पूर्ण दोन हजार पोस्टाच्या आरडीत टाकावेत. त्यात अडीनडीची सोय होते. तिसऱ्या वर्षी पगार वाढलेला असतो. ती वाढ घरखर्चात मिसळायच्या आत पीपीएफला किंवा एसआयपीला जोडावी, आरडी तशीच चालू ठेवून. मैत्रिणी चांगल्या असतील तर पाचशेची भिशीही असू द्या, गप्पांसाठी तरी.

क्रेडिट कार्डाची बाकी चढलेली असेल तर यातलं काहीच नको. त्यावर महिन्याला तीन-साडेतीन टक्के लागतात. दोन हजार तिकडेच भरा.

आणि पीपीएफ घेतलाच तर हप्ता महिन्याच्या पाच तारखेच्या आत जाईल असं बघा. सहा तारखेला भरलेल्या पैशांवर त्या महिन्याचं व्याज मिळत नाही.