घरीच केलेली हॅलोविनची सजावट: वर्षभरानंतर काय टिकलं

होम डेपो या घरदुरुस्तीच्या सामानाच्या अमेरिकी दुकानसाखळीचा 12 फुटी सांगाडा 2020 मध्ये 299 डॉलरला बाजारात आला, तेव्हापासून आमच्या न्यू जर्सीतल्या गल्लीत अंगणं सजवायची चढाओढच लागली आहे. आम्ही तो घेतला नाही. त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत गेल्या सप्टेंबरात घरीच कबरस्तान उभारलं. ते अख्खा ऑक्टोबर वाऱ्यापावसात उभं होतं, मग हिवाळा-उन्हाळा गॅरेजमध्ये पडून राहिलं आणि आता पुन्हा बाहेर आलंय.

सगळ्यात जास्त पैसे वसूल झाले ते कबरीच्या दगडांत. भिंतीच्या इन्सुलेशनसाठी मिळणारा गुलाबी किंवा निळा एक्सपीएस फोम आणा. पॅकिंगमधला पांढरा थर्मोकोल नको, त्याचे मणी सुटतात आणि कड कधीच साफ येत नाही. 4 बाय 8 फुटांच्या एका तक्त्यात 2 फूट रुंद आणि 32 इंच उंच असे सहा दगड बसतात. जाडी 2 इंच असेल तर दगड खरा वाटतो, 1 इंची पातळ दिसतो. अक्षरं कोरून झाली की हीट गन (गरम हवेचा झोत मारणारं यंत्र) झरझर फिरवा, पृष्ठभाग आक्रसून खडबडीत होतो. हे काम बाहेर मोकळ्यावर, मास्क लावूनच करा, धूर वाईट असतो.

रंग पाण्यात मिसळणारा लॅटेक्सच हवा. साध्या स्प्रे पेंटमधलं सॉल्व्हंट फोम खातं. रंगाच्या दुकानात चुकीच्या छटेचे, गिऱ्हाइकाने न नेलेले डबे अगदी स्वस्तात मिळतात, करड्या रंगासाठी तेच शोधा. तळाला ड्रायलॉकचा (भिंतींना लावायच्या वॉटरप्रूफ रंगाचा) हात दिला, तर त्यातल्या रेतीमुळे दगडासारखा पोत येतो. वर कोरड्या ब्रशने फिका करडा फिरवायचा. आमचा रंग अजून कुठेही उडालेला नाही. लहान मुलं येऊन दगडावर टकटक करून बघतात, तेव्हा केलेल्या मेहनतीचं चीज होतं.

पण फोम वजनाला काहीच नाही, आणि इथला ऑक्टोबरचा वारा जोरदार. म्हणून प्रत्येक दगडाच्या पाठीत खाच पाडून अर्ध्या इंचाचा पीव्हीसी पाइप फोमला चालणाऱ्या बांधकामाच्या चिकटवणीने बसवला, आणि जमिनीत ठोकलेल्या सळईवर तो नुसता सरकवला. एकही दगड हलला नाही. बजेटमधले पैसे कुठे घालायचे असतील तर ते इथेच. सळईचं टोक पाइपबाहेर उरत असेल तर त्यावर टोपी हवीच, अंधारात मुलं पळत असतात.

हॉट ग्लू मात्र बाहेरच्या कामाचा नाही. उन्हाळ्यात गॅरेज तापलं तसे त्याचे सांधे मऊ पडले आणि दगडांवर चिकटवलेल्या कवट्या गळून आल्या. बांधकामाच्या चिकटवणीचे सांधे जसेच्या तसे आहेत.

मॉन्स्टर मडची कृती ज्याने दिवाळीचा किल्ला केलाय त्याला नवीन नाही. गोणपाट चिखलाच्या काल्यात बुडवून विटांवर पसरायचो ना, तेच. इथे चिखलाऐवजी पाच भाग जॉइंट कंपाउंड (जिप्सम बोर्डाच्या भिंतींचे सांधे भरायचा लेप) आणि एक भाग लॅटेक्स रंग. जुनी चादर त्यात बुडवून लाकडी सांगाड्यावर चढवली की वाळून कडक घड्यांचा झगा होतो. दिसतो अप्रतिम! पण जड आहे, आणि उघड्यावर सतत भिजला तर कंपाउंड मऊ पडून तडकतं. आमचा पोर्चच्या छपराखाली आहे म्हणून शाबूत आहे.

टोमॅटोच्या रोपांना लावतो तो तारेचा पिंजरा उलटा करून, आत एलईडी माळ आणि वर जुनं पांढरं कापड टाकलं की भूत तयार. खर्च जवळजवळ शून्य. तीच माळ दिवाळीत गॅलरीत लागते.

ताणून पसरायची कापसासारखी कोळ्याची नकली जाळी झुडपांवर घालू नका, त्यात पक्षी आणि मधमाश्या अडकतात. जाड दोरीचं मोठं जाळं विणा, लांबून तेच जास्त उठून दिसतं. उजेडासाठी एखादा हिरवा किंवा निळा फ्लडलाइट खालून वर मारा, वायर आणि प्लग बाहेर वापरायचेच घ्या.

भोपळे 31 ऑक्टोबरच्या, म्हणजे हॅलोविनच्या, दोन-तीन दिवस आधीच कोरा, कोरलेला भोपळा आठवड्याभरात बसतो. यंदा उरलेल्या पीव्हीसी पाइपांना काळा रंग देऊन कबरस्तानाचं कुंपण करतोय. पाइप लाकडी पट्ट्यांत भोकं पाडून ओवायचे आणि तेही सळयांवरच उभे करायचे.