मोफत वकील आणि मुदतीचे अनुदान : साताऱ्यातील विधी सेवेचे परीक्षण

ज्याच्या घरातील माणूस पोलिसांच्या ताब्यात आहे आणि ज्याच्याकडे वकिलाला द्यायला पैसे नाहीत, त्याने सातारा जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे, असे मी आज कोणालाही निःशंकपणे सांगेन. बचत गटांच्या कामामुळे माण, खटाव आणि पाटण या तालुक्यांतील अनेक कुटुंबांबरोबर माझे तिथे जाणे झाले आहे आणि तिथल्या सेवेविषयी माझे मत बहुतांशी चांगले आहे. या सेवेमागे कोणाचा पैसा आहे आणि त्या पैशाच्या अटी शेवटी अशिलाच्या पदरात काय टाकतात, याविषयी मात्र आपल्याकडे फारसे लिहिले जात नाही.

ही सेवा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खाली मिळते आणि हा कायदा ९ नोव्हेंबर १९९५पासून अंमलात आहे. त्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती यांना उत्पन्नाची अट लागू होत नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. मोठी आपत्ती, पूर आणि दुष्काळ यांत सापडलेली माणसेही याच कलमात येतात. जुलै २०२१मध्ये पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे दरडी कोसळल्या, तेव्हा वारसा, भरपाई आणि कागदपत्रे यांसाठी हेलपाटे घालणाऱ्या किती कुटुंबांना आपल्याला सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो हे माहीत होते, हा प्रश्न मला अजून अस्वस्थ करतो. दुष्काळाचा उल्लेख तर माण-खटावच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून ठेवण्याजोगा आहे.

कार्यालयातील अनुभव सांगायचा तर पहिली भेट विधी स्वयंसेवकाशी होते. पोटगीच्या दाव्यासाठी माझ्याबरोबर आलेल्या एका बाईंना सहीपलीकडे लिहिता येत नव्हते. स्वयंसेविकेने त्यांना समोर बसवून, मध्येच घाई न करता, सगळी हकिकत ऐकून घेतली, अर्ज स्वतः लिहिला, तो त्यांना वाचून दाखवला आणि मगच सही घेतली. ज्या बाईचे बोलणे सासर-माहेरी कोणी पुरते ऐकून घेतले नव्हते, तिच्यासाठी या अर्ध्या तासाचे मोल वकिलाइतकेच होते. वकिलाची फी, कोर्ट फी आणि नकलांचा खर्च यांपैकी काहीही त्यांना द्यावे लागले नाही.

फौजदारी प्रकरणांसाठी आता लोकअभिरक्षक, म्हणजे आरोपीचा मोफत बचाव करणारे वकील, यांचे कार्यालय आहे, आणि या परीक्षणात मी सर्वांत जास्त गुण त्यालाच देईन. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०२२च्या योजनेनुसार येथे मुख्य, उपमुख्य आणि सहायक लोकअभिरक्षक पूर्ण वेळ काम करतात. मुख्य लोकअभिरक्षकाला फौजदारी वकिलीचा किमान दहा वर्षांचा अनुभव लागतो आणि या वकिलांना खासगी प्रकरणे घेता येत नाहीत. या शेवटच्या अटीचा फरक प्रत्यक्षात दिसतो. पूर्वी मोफत प्रकरण म्हणजे वकिलाच्या दिवसातील उरलेला वेळ, अशी लोकांची समजूत होती आणि ती अगदीच निराधार नव्हती. हाणामारीच्या गुन्ह्यात अटक झालेल्या पाटणकडच्या एका तरुणाला लोकअभिरक्षक रिमांडच्या आधी भेटले, त्याच्याकडून घटनाक्रम समजून घेतला आणि बाहेर थांबलेल्या त्याच्या आईला जामिनाच्या अटी साध्या मराठीत समजावून सांगितल्या. तारखेला कोण उभे राहणार हे तिला आधीपासून ठाऊक होते. खासगी वकिलाकडूनही याहून अधिक काय अपेक्षावे?

या सेवेची मुख्य उणीव माणसांत नसून अनुदानाच्या रचनेत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. अधिनियमाच्या कलम १४ खाली केंद्र सरकार राष्ट्रीय प्राधिकरणाला अनुदान देते. तिथून राज्य प्राधिकरण आणि जिल्ह्याचा विधी सहाय्य निधी अशी पैशाची वाट आहे, आणि कलम १८ प्रमाणे हिशेबाची तपासणी भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांकडे आहे. सार्वजनिक पैशावर एवढा पहारा हवाच. लोकअभिरक्षक योजनेसाठी केंद्राने २०२३-२४ ते २०२५-२६ या तीन वर्षांकरिता ९९८.४३ कोटी रुपयांची तरतूद केली, ही रक्कमही लहान नाही. परंतु वकिलांची नेमणूक सुरुवातीला दोन वर्षांच्या कराराने होते, दर सहा महिन्यांनी कामगिरी तपासली जाते आणि पुढची मुदतवाढ वर्षावर्षाने मिळते. सत्र न्यायालयातील खुनाचा खटला मात्र कोणत्याही आर्थिक वर्षाची मुदत पाळत नाही. आरोपपत्र, आरोपनिश्चिती, साक्षीदारांची तपासणी आणि युक्तिवाद होईपर्यंत करार संपू शकतो; मग नवा वकील पहिल्या पानापासून कागद वाचू लागतो आणि कोठडीतील माणूस आपली गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगू लागतो. दुसऱ्या एका जिल्ह्यातील माझ्या परिचयाच्या कुटुंबावर साक्षीपुरावा अर्धा झालेला असताना हीच वेळ आली. उलटतपासणीत साक्षीदाराला काय विचारले गेले आणि काय मुद्दाम विचारले गेले नाही, हे पहिल्या वकिलाच्या डोक्यात असते, ते फायलीत पुरते उतरत नाही. म्हणून अनुदानाच्या करारातच अशी तरतूद असावी की, हाती घेतलेला सत्र खटला निकाली निघेपर्यंत त्या वकिलाला त्या प्रकरणापुरते मानधन चालू राहील. याने खर्च फारसा वाढणार नाही आणि आरोपीचा बचाव मध्येच तुटणार नाही.

दुसरी गोष्ट मोजमापाची. वार्षिक आकडेवारीत शिबिरांची आणि लाभार्थ्यांची संख्या ठळकपणे येते. शिबिरे निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही, कारण गावातील पुष्कळ बायकांना पहिली माहिती तिथेच मिळते. पण किती जामीन अर्ज मंजूर झाले, किती पोटगीचे आदेश निघाले आणि त्यांतील किती रक्कम प्रत्यक्ष हातात पडली, हे आकडे जिल्हावार समोर आले तर अनुदानाचा उपयोग कळेल. मिळालेला पैसा कुठे खर्च झाला हे उपयोगिता प्रमाणपत्र सांगते, त्या पैशातून कोणाचे काम झाले हे त्यातून कळत नाही.

अंतराचा प्रश्नही आहे. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारने याच मुलखात न्यायदान मंडळे चालवली, तेव्हा लोकांना ती जवळची वाटली याचे एक कारण न्याय गावात मिळत होता हे होते. आज दहिवडीहून साताऱ्याला तारखेसाठी येणाऱ्या मजूर बाईची दिवसाची मजुरी बुडते. तालुका विधी सेवा समित्या त्यासाठीच आहेत, पण त्यांचा दर्जा सगळीकडे सारखा नाही. एका तालुक्याच्या ठिकाणी आमच्याबरोबरच्या बाईंकडे उत्पन्नाचा दाखला मागितला गेला आणि त्यासाठी तिला परत पाठवले गेले. कायद्याने स्त्रीला हा दाखला लागत नाही, आणि ज्यांना उत्पन्न दाखवावे लागते त्यांचेही प्रतिज्ञापत्र कलम १३ प्रमाणे पुरेसे मानता येते. उच्च न्यायालयातील अपिलांपुरते अंतर मात्र कमी झाले आहे. ऑगस्ट २०२५पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (मुख्य ठिकाणाबाहेर बसणारे पीठ) सुरू झाल्यामुळे सातारा आणि सांगलीच्या अशिलांना आता मुंबई गाठावी लागत नाही.

पीडितांसाठीची मदतही याच दारातून मिळते. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांतील पीडितांसाठी २ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू झालेल्या मनोधैर्य योजनेचे काम आता विधी सेवा प्राधिकरणाकडे आहे. त्या प्रकरणांचा जवळून अनुभव नसल्याने मी त्यावर मत देत नाही.

जाणाऱ्यांनी आधार कार्ड, प्रकरणाचे असतील ते सगळे कागद आणि अटक झाली असल्यास गुन्ह्याचा क्रमांक व पोलीस ठाण्याचे नाव बरोबर न्यावे. साताऱ्याला येणे शक्य नसेल तर १५१०० या क्रमांकावर आधी विचारून घ्यावे. नेमून दिलेल्या वकिलाला अशिलाकडून कोणतीही फी घेता येत नाही. कोणी मागितलीच तर प्राधिकरणाच्या सचिवांच्या नावे लेखी अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. प्रकरण पुढे सरकत नसेल तरीही हाच मार्ग आहे, कारण नेमलेल्या वकिलांच्या कामावर लक्ष ठेवण्यासाठी प्रत्येक प्राधिकरणात देखरेख समिती असते आणि असा अर्ज तिच्यापुढे ठेवण्याची विनंती त्यातच करता येते.