कोल्हापूरच्या बिंदू चौकाजवळचं डीटीपीचं दुकान, पुस्तिका छापायची असंल तर इथंच द्या

आमच्या तालमीच्या वाचनालयासाठी हेल्मुथ ह्यूबेनरवर छोटी पुस्तिका छापून घेतली, काम लय भारी झालंय म्हणून मुद्दाम लिहायलोय.

हा हॅम्बुर्गच्या कामगार घरातला पोरगा, जन्म १९२५ चा, सरकारी हापिसात शिकाऊ. सोळाव्या वर्षी भावाच्या रेडिओवर रात्री चोरून बीबीसी ऐकायचा, हिटलरच्या राज्यात ते ऐकणं पण गुन्हा होता, आणि ऐकलेलं टाइपरायटरवर कार्बन लावून पत्रकात उतरवायचा, की युद्धाचं तुम्हाला खोटं सांगायलेत. दोस्त मंडळी ती टेलिफोन बूथमधी, लोकांच्या टपालपेटीत टाकायची. एक पत्रक फ्रेंचमधी करून घ्यायच्या खटपटीत हापिसातल्याच माणसानं कळवलं. फेब्रुवारी १९४२ ला धरला आणि २७ ऑक्टोबरला बर्लिनच्या प्लॉट्झेनझे तुरुंगात गिलोटिनखाली मारला. वय सतरा.

आता दुकानाचं. मोबाइल-कॉम्प्युटरवरचा युनिकोडमधला मजकूर श्रीलिपीत, म्हंजे छपाईवाल्यांच्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधी, घेतला की रफार उडतात, जोडाक्षरं फुटतात, बाकी ठिकाणी 'तुम्हीच तपासा' म्हणून प्रूफ हातात देतात. इथं टायपिंगला बसणाऱ्या ताईनं स्वतः ओळ न ओळ वाचली. 'ह्यूबेनर' दोन पानांवर दोन तऱ्हेनं पडलेलं तिनंच पकडलं. वाचता वाचता थांबून विचारलं, दादा, बाकीच्या पोरांचं काय झालं ओ? म्हटलं, रूडी वोबेला दहा वर्षं, कार्ल-हाइन्झ श्निबेला पाच वर्षं, दोघं वाचले. तर म्हणाली, मग ती काय काम करायची ते पण घाला की, आयटीआयची पोरं वाचणार न्हवं. बरोबर होतं तिचं. वोबे फिटरच्या कामावर शिकाऊ, श्निबे रंगाऱ्याकडं, दोन ओळी वाढवल्या आणि त्याचे जादा पैसे पण घेतले नाहीत.

ह्यूबेनरचा जुना काळापांढरा फोटो दुकानाच्या काकांनी स्वतः बसून साफ केला, चेहरा स्वच्छ आलाय, डोळे तर बघतच राहावं असे. सेंटर पिन सरळ, कटिंग एकसारखं.

एकच खटकलं, कव्हरला मॅट लॅमिनेशन सांगितलेलं, ग्लॉसी आलं, ट्यूबलाइटखाली लय चमकतंय. काकांनी मान्य केलं आणि बिलातनं ती रक्कम वजा केली. संध्याकाळी गर्दी असती, सकाळी जावा म्हंजे निवांत बोलता येतं. दुसरी छपाई पण इथंच देणार, त्यात वोबेवर वेगळं पान घालायचंय.