मानेवाडा रोडकडचं जनऔषधी दुकान: गोळ्या स्वस्त आहेत, चिठ्ठी मात्र नीट लिहून आणा

बाबांच्या शुगर, बीपी, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या आता आम्ही नागपुरातल्या मानेवाडा रोडकडच्या एका जनऔषधी केंद्रातूनच आणतो, आणि ज्यांच्या घरी जन्मभराच्या गोळ्या सुरू आहेत त्या सगळ्यांनी एकदा तरी अशा दुकानात जावं असं मला मनापासून वाटते. दुकान एका शटरचं, बसायला जागा नाही, गाडी लावायची बोंब, पण काउंटरवरचे भाऊ चांगले आहेत, गोळ्यांचा प्रत्येक पत्ता हातात घेऊन सांगतात की ही सकाळची, ही जेवणानंतरची, आणि म्हाताऱ्या माणसाला दोनदा सांगायला लागलं तरी आवाज चढवत नाहीत, जे मी मोठमोठ्या चकाचक मेडिकल स्टोअरमध्ये फार कमी पाहिलं.

आता किमतीचं. जनऔषधी ही सरकारी योजना २००८ पासून आहे, तिथे जेनेरिक म्हणजे कंपनीच्या ब्रँडऐवजी औषधाच्या मूळ नावानं विकलेल्या गोळ्या मिळतात, ब्रँडपेक्षा ५० ते ८० टक्के स्वस्त असं सरकार सांगते आणि आमचा अनुभव त्यातच बसतो, महिन्याचं बिल निम्म्याच्याही खाली आलं. सॅनिटरी पॅड एक रुपयाला एक मिळते, तेही घेतो. पण मला सांगायची गोष्ट वेगळी आहे. गावात ठिकठिकाणी "जेनेरिक, ८० टक्के सूट" अशा पाट्या लागल्या आहेत, त्या आणि जनऔषधी एकच समजू नका. सरकारी किंमत नियंत्रणाच्या यादीत जे औषध नाही त्याची सुरुवातीची एमआरपी कंपनी स्वतःच ठरवते, नंतर वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवता येते, बस एवढाच लगाम. म्हणजे आधी पत्त्यावर भलीमोठी किंमत छापायची आणि मग तिच्यावर सूट द्यायची, यात गिऱ्हाईकाला काय स्वस्त पडलं हे कळायला मार्गच नाही. जनऔषधीच्या पत्त्यावर छापलेली किंमतच कमी असते, घासाघीस नाही, उपकार केल्यासारखी सूट नाही.

पण चिठ्ठीवर ब्रँडचं नाव असलं की अडते. माझ्यासमोर मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडून आलेले एक काकाजी मेडिकलमधून, म्हणजे इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यातून, चिठ्ठी घेऊन आले होते, वरच्या दोन ओळींत औषधाचं मूळ नाव होतं ती मिळाली, खाली ब्रँड लिहिला होता तिथे भाऊंनी हात जोडले, म्हणाले, "काकाजी, हे डॉक्टरसाहेबांकडून मूळ नावानं लिहून आणा, मी आपल्या मनानं बदलून देऊ शकत नाही." काकाजी म्हणत होते की गोळी तीच आहे ना मग द्या ना बाप्पा, आणि त्यांचं काय चुकलं सांगा. भाऊंचंही चुकलं नाही, औषध नियमावलीत नियम ६५ मध्ये स्पष्ट आहे की शेड्यूल एच मधल्या, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या, औषधाच्या जागी दुकानदारानं दुसरं द्यायचं नाही, आत घटक तोच असला तरी नाही. म्हणजे स्वस्त गोळी मागच्या फळीवर पडून आहे, गरजू माणूस समोर उभा आहे, आणि त्याला पुन्हा रांगेत लागायला परत मेडिकलला जा म्हणावं लागते.

हे सुटू शकत होतं. २ ऑगस्ट २०२३ ला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं डॉक्टरांनी जेनेरिक नावानंच लिहावं असा नियम काढला, न लिहिल्यास कारवाईची तरतूद होती, डॉक्टरांच्या संघटनेनं म्हणजे आयएमएनं जोरदार विरोध केला आणि २३ ऑगस्टला म्हणजे तीन आठवड्यांत तो नियम स्थगित झाला. डॉक्टरांचं म्हणणं होतं की आधी क्वालिटीची खात्री द्या, नाहीतर कोणत्या कंपनीची गोळी द्यायची हे आमच्याऐवजी दुकानदार ठरवेल. हा मुद्दा मला पटतो, अगदी खरा आहे. २०२३ मध्ये आपल्या कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातल्या अँटीबायोटिक गोळ्या बनावट निघाल्या, तो माल सरकारी खरेदीतूनच आला होता. पण ब्रँड म्हणजे खात्री असंही नाही ना! २०२५ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातली लेकरं किडनी फेल होऊन नागपुरात आणली, कितीतरी इथेच गेली, ते कोल्ड्रिफ सिरप ब्रँडच्या नावानंच विकलं जात होतं आणि तमिळनाडूच्या तपासणीत त्यात ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं. म्हणून तपासणी वाढवा, प्रत्येक बॅचची वाढवा, ब्रँड असो की जेनेरिक, पण तपासणी कमी आहे म्हणून गरिबानं महागच घ्यावं हे मला कधीच पटणार नाही. जनऔषधीचा माल एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या लॅबमध्ये तपासून मग दुकानात येते, निदान कागदावर तरी ही पायरी आहे.

जीएसटीचीही मोठी चर्चा झाली, २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवर १२ चा ५ टक्के झाला, चांगलंच झालं, पण हिशोब करून पाहा, ११२ ची गोळी १०५ ला आली. चिठ्ठीवर दोन शब्द बदलले तर तीच पन्नासच्या खाली येते. चर्चा कशाची जास्त व्हायला पाहिजे?

दुकानाची कमतरता म्हणजे माल. बाबांची एक कॉम्बिनेशनची गोळी कधी असते कधी नसते, भाऊ म्हणतात वरूनच आली नाही, मग आम्ही फोन करूनच निघतो. शुगर-बीपीच्या गोळीत असा खंड चालत नाही, पहिल्यांदा जाणाऱ्यांनी घरचा साठा संपायच्या आठ दिवस आधी जावं. सुगम नावाचं ॲप आहे, त्यात जवळचं केंद्र कळते आणि ब्रँडची व जनऔषधीची किंमत शेजारी शेजारी दिसते, ते नक्की टाकून घ्या. घरपोच ऑनलाइन औषधांचं मी मुद्दाम टाळतो, त्याच्या नियमांचा मसुदा ऑगस्ट २०१८ चा आहे आणि पक्के नियम अजून झाले नाहीत, उद्या चुकीच्या गोळ्यांचा पत्ता आला तर भांडायचं कोणाशी? इथे निदान भाऊ समोर आहेत.

माझ्याकडून पाचपैकी चार, एक मालासाठी कापला. जायच्या आधी डॉक्टरांना तिथेच केबिनमध्ये बसल्या बसल्या सांगा की साहेब, मूळ नाव मोठ्या अक्षरात लिहा आणि एमजी पण लिहा. आमच्या डॉक्टरांनी एका शब्दानं नाही म्हटलं नाही, फक्त विचारायला पाहिजे.