इंजिन नवे बांधले, पण स्लो बसत नाही: जुना कार्बोरेटर दुरुस्त करावा की बदलावा?

१,२९८ सीसीच्या कार्बोरेटरवाल्या जिप्सीसारख्या गाडीचे इंजिन बोअर करून आणि जास्त ड्युरेशनचा (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा) कॅम टाकून बांधले, आणि आता ती नाशिकच्या द्वारका चौकातल्या कोंडीत स्लोवर, म्हणजे पाय सोडल्यावरच्या कमी फेऱ्यांवर, टिकत नसेल, तर मालकापुढे साधारणपणे दोन मार्ग असतात: मूळ कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग) उघडून दुरुस्त करणे किंवा तो काढून नवा बसवणे. माझा कल दुरुस्तीकडे आहे, मात्र थ्रॉटल स्पिंडल, म्हणजे हवेची वाट उघडझाप करणारी पाकळी ज्यावर फिरते तो दांडा, त्या योग्यतेचा असला पाहिजे.

कोणताही निर्णय घेण्याआधी मॅनिफोल्डला (कार्बोरेटरमधून सिलिंडरकडे जाणाऱ्या वाटेला) व्हॅक्यूम गेज लावून पाहावे. मूळ कॅमच्या निरोगी इंजिनात स्लोवर साधारण १७ ते २१ इंच पारा दिसतो. मोठ्या कॅमवर १०-१२ इंच दिसले तरी तो दोष समजू नये. काटा ठरावीक तालात खाली झुकत असेल तर टॅपेट किंवा एखादा व्हॉल्व्ह तपासावा. काटा स्थिर असूनही फारच खाली असेल तर मॅनिफोल्डचे पॅकिंग, कार्बोरेटरखालचा इन्सुलेटर, ब्रेक बूस्टरची नळी आणि इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) पाहावे. यांपैकी काही बिघडलेले असेल तर नवा कार्बोरेटरही तसाच वागेल आणि खर्च वाया जाईल.

मोठ्या कॅमच्या इंजिनात खरी अडचण बहुतेक वेळा थ्रॉटलच्या पाकळीजवळ असते. व्हॅक्यूम कमी असल्याने मिस्त्री स्लोचा स्क्रू पिळत जातो, पाकळी जास्त उघडते आणि भिंतीतली ट्रान्झिशनची फट (स्लोवरून वेग घेताना पेट्रोल देणारी) उघडी पडून तिथूनच पेट्रोल ओढले जाऊ लागते. स्लोचे मिश्रण कमी-जास्त करणारा मिक्सचर स्क्रू पूर्ण आत घेतला तरी इंजिन बंद पडत नसेल, तर हेच घडत असण्याची शक्यता मोठी आहे. नोझलमधून पेट्रोल टपकत नाही, म्हणजे फ्लोटची (कार्बोरेटरच्या टाकीतल्या पेट्रोलची) पातळी योग्य आहे, एवढी खात्री मात्र आधी करावी. कार्बोरेटर काढून उलटा धरल्यावर पाकळीखाली त्या फटीचा लहानसा चौकोनी तुकडाच दिसायला हवा. लांब पट्टी दिसली तर पाकळी जास्त उघडी आहे. अशा वेळी आधी स्लोवरचे टायमिंग काही अंश वाढवून स्क्रू मागे घ्यावा. तेवढ्याने भागले नाही तरच पाकळीला दीड मिलिमीटरचे भोक पाडावे, कारण पाडलेले भोक सहज मागे घेता येत नाही. हा त्रास कॅममुळे उद्भवतो, त्यामुळे दुकानातून आणलेल्या कार्बोरेटरवरही हीच जुळवणी करावी लागते.

जेटच्या (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छिद्राच्या) बाबतीत जुना कार्बोरेटर उजवा ठरतो, कारण त्याचा जेट बदलता येतो. शुद्ध पेट्रोलला हवेचे आदर्श प्रमाण वजनाने १४.७ पट असते, तर ई२० ला (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला) सुमारे १३.५ पट, म्हणजे जुन्या जेटवर मिश्रण पातळ होते. नाशिक समुद्रसपाटीपासून जवळपास ६०० मीटर उंच असल्याने विरळ हवेमुळे मिश्रण सुमारे तीन टक्के जाड होते खरे, पण तेवढ्याने ही तूट भरून निघत नाही. थंडीतल्या सकाळी चोक सोडताच गाडी बंद पडण्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. त्यासाठी आयडल जेट (स्लोवर पेट्रोल देणारा) एक माप मोठा घालून पाहावा आणि रिपेअर किट घेताना डायफ्राम व सील इथेनॉलला टिकणारे आहेत याची खात्री करावी.

४० डीसीओई वेबरची (दोन घशांच्या स्पर्धेच्या कार्बोरेटरची) जोडी हा तिसरा पर्याय आहे. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र घसा मिळाल्याने मोठ्या कॅमवरही स्लो चांगला बसतो, परंतु चारही घशांची हवा जुळवणे, बूस्टरसाठी व्हॅक्यूम मिळवणे आणि एक आयडल जेट तुंबताच एक सिलिंडर गमावणे, हे रोजच्या गाडीला झेपणारे नाही. फक्त स्पर्धेसाठी राखलेल्या गाडीला ती शोभते.

आता स्पिंडल. तो बोटांनी वर-खाली हलवून पाहावा आणि इंजिन स्लोवर असताना, गरम एक्झॉस्टपासून सांभाळून, त्याच्या टोकांवर क्लीनरचा हलका फवारा द्यावा. फेरे बदलले तर तिथून हवा शिरते आहे. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागाकडे चांगला लेथवाला गाठून ब्राँझचे बुश बसवून घेता येतात आणि दोन्ही बुश एका रेषेत आले तर कार्बोरेटर पुन्हा वर्षानुवर्षे चालतो. पण पाकळीच्या घर्षणाने घशालाच खाच पडली असेल, किंवा बॉडी इतकी वाकली असेल की घासूनही पॅकिंग बसत नाही, तर हट्ट सोडून नवा घ्यावा. घेताना त्याचाही स्पिंडल हलवून पाहावा आणि त्याचे आयडल जेट सुटे मिळतात का ते आधी विचारावे. मिळत नसतील तर किंमत कितीही कमी असली तरी तो घेऊ नये.